मागे बांधलेले हात

पडदा वर जातो. लांबट दालन. उंच खिडक्यांतून झिरपणारा दुधी उजेड. ओळीने मांडलेल्या कलत्या खुर्च्या, प्रत्येकीवर मान वाकवून उभा असलेला दिवा, आणि सगळीकडे ड्रिलची गुणगुण, जणू भिंतीआड कुणी मधमाश्या पाळल्या आहेत. मधल्या खुर्चीत मी. जन्मभर रंगमंचावर बोलले. तोंड सताड उघडं आणि वाक्य एकही नाही, अशी ही माझी एकुलती एक भूमिका.

ती मला दिली माझ्या धाकट्या बहिणीने. ती दातांची डॉक्टर, पण या डेंटल कॉलेजात ती शिकवणाऱ्यांना कसं शिकवावं ते शिकवते. तिच्या नवऱ्याला हे सांगताना नेहमी धाप लागायची. म्हणायचा, हिला चहा करायला सांगितला तर ही चहा करणाऱ्याचा वर्ग घेईल.

लहानपणी ती माझ्या तालमींना यायची आणि विंगेत गुंडाळलेल्या पडद्यावर लवंडायची. आमचे दिग्दर्शक प्रत्येकाची भूमिका स्वतःच करून दाखवत, आणि इतकी सुरेख, की आम्ही बघत राहायचो. परतताना ती पेंगुळल्या आवाजात विचारायची, त्यांना छान येतं गं ताई, पण तुम्हाला कधी येणार? मला वाटतं, पुढची सगळी नोकरी तिने त्या एका प्रश्नावर काढली.

तिच्या वर्गात केस पांढरे झालेले प्राध्यापकही हात मागे बांधून उभे राहतात. जीभ चालवायची, हात नाही. दातांच्या डॉक्टरांना हे फार जड जातं. विद्यार्थी अडखळला की त्यांचा हात आपसूक पुढे जातो, हत्यार काढून घेतो, दात झकास भरून होतो. पेशंट खूश, विद्यार्थी कोरडाच.

यात सर्वांवर कडी केली होती ती एका तरुण सरांनी. हात असा, की मुलं त्यांना सोनार म्हणत. आणि याच सोनारांची मुलं परीक्षेत गटांगळ्या खात. प्राचार्यबाईंनी बजावलं होतं, आता मी स्वतः बघायला येणार; पुन्हा हात घातलात तर वर्ग बंद, नुसते पेशंट तपासा. सरांचा जीव तर शिकवण्यात अडकलेला. बहिणीने त्यांच्यामागे महिने घालवले होते. मग तिला माझी किडलेली दाढ आठवली. म्हणाली, तुला नाहीतरी दिव्याखाली बसायची हौसच आहे.

तर सुई टोचून झाली होती. माझा गाल कापसासारखा कुठेतरी दूर निघून गेला होता. दिव्याभोवती धूसर कडं. त्यात तीन चेहरे तरंगत होते: आरसा धरलेली घामाघूम मुलगी, तिच्या खांद्यामागे सोनार, आणि पायांशी माझी बहीण. दाराशी प्राचार्यबाई.

कीड कोरून झाली, असं मुलीने सांगितलं आणि दात भरायच्या सिमेंटकडे हात नेला. सोनारांच्या भुवया चढल्या. काहीतरी राहिलं होतं. त्यांचा उजवा खांदा हलला. ही हालचाल मी ओळखते. नट प्रवेश घ्यायच्या आधी अशीच हलतो. बहिणीने श्वास रोखला.

पण हात आला नाही. पाठीमागे त्यांनी स्वतःचंच मनगट करकचून धरलं असावं.

"आरसा थोडा मागे घे," ते म्हणाले. "आता काय दिसतंय?"

मुलीने आरसा मागे घेतला आणि वाकून पाहिलं.

"कडेला... तपकिरी आहे सर. राहिलंय."

"मग?"

"काढते."

आणि तिने काढलं. हळू, चुकतमाकत, पण स्वतः. सोनार विचारत राहिले, ती सांगत राहिली. उजेड खिडकीवरून भिंतीवर सरकला. प्राचार्यबाईंनी बहिणीकडे पाहून मान डोलावली आणि त्या निघून गेल्या. मला वाटलं, प्रयोग संपला. मी समाधानाने जबडा मिटायला लागले, तशी बहीण पुढे आली आणि माझ्या हनुवटीला बोट लावून हळूच म्हणाली,

"ताई, तोंड उघडं ठेव. आत्ता कुठे ते शिकवायला लागलेत."