बंद न होणारं मशीन

काल टीव्हीच्या मागून तापलेल्या धुळीचा वास आला आणि परळीतल्या कॉम्प्युटर क्लासची ती संध्याकाळ आठवली. मी तिथे मुलींना शिकवायचे. आमच्या मशीनना स्वतःची डिस्क नव्हती. शेजारच्या खोलीतल्या सर्व्हरवरून, केबलमधून ती चालायची. त्या दिवशी मुली गेल्यावर एक मशीन बंद करायला गेले, तर पडदा गोठला, बटण दाद देईना. गावाजवळच्या थर्मल वीजकेंद्रातून उडून येणाऱ्या राखेनं मशीनचा पंखाही अडकला होता. मागून जळका वास यायला लागला. झाडायला आलेल्या मावशी ओरडल्या, "म्याडम, वायर उपटा, पेटंल की!" "नको मावशी, सर्व्हरवरची फाईल बिघडेल. पोरींचं परीक्षेचं सगळं काम त्यात आहे." मशीनला सर्व्हर सापडत नाही म्हणूनच हे अडलं असेल, असं वाटून मी टेबलाखाली शिरले. सर्व्हरची केबल खरंच निसटली होती. घामेजल्या बोटांनी ती घट्ट बसवली. काहीच होईना. डोक्यावर वास वाढतच होता. मग एकदाचा पडदा हलला आणि मशीन आपोआप बंद झालं. टेबलाखालून बाहेर येऊन सर्व्हरवर पाहिलं, तर फाईल शाबूत होती. मावशींनी माझा हात गच्च धरला. मग झाडू उचलून त्यांनी आधी त्या मशीनमागची राख झाडली.