निंबाखालचं गवत

दादा गेल्याची खबर मला पांढुर्ण्याला, भर वर्गात शिकवताना मिळाली. मोठ्या बाईंनी दाराशी बोलावून खांद्यावर हात ठेवला. "सौसरहून निरोप आहे, तुमच्या भावाचा..." सकाळी आंघोळ करून दादा दफ्तराला, कचेरीत जायला निघाला, छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचायच्या आत सगळं संपलं. बसमध्ये मला रडू आलं नाही. डोक्यात एकच वाक्य घुमत होतं... मेल्यांनो, एकदा तरी त्याच्या घरी चहा प्यायला असता! त्याला जाऊन आता दीडेक महिना झाला. गेलेल्या माणसाबद्दल कडू लिहू नये म्हणतात. मी दादाबद्दल कडू लिहीतच नाही. ज्यांच्याबद्दल लिहिते ते सगळे धडधाकट आहेत, रोज दफ्तरात जातात.

दादा सौसरला एका सरकारी दफ्तरात बाबू, म्हणजे कारकून होता. आमच्या बौद्ध मोहल्ल्यातून खुर्चीवर बसणारा तो पहिलाच. ऐंशीच्या सुमारास त्यानं गावाच्या कडेला प्लॉट घेऊन घर बांधलं. समोर आधीपासूनचा मोठा निंब होता, तो त्यानं तोडला नाही. दफ्तरातली मंडळी त्याच रस्त्यानं घरी जायची. रोज सायंकाळी फाटकाशी सायकली थांबत, हसणं-खिदळणं होई, आणि "आत या ना, चहा घेऊ" म्हटलं की एकजात सगळ्यांना घाई. दादाच्या हातचा कागद त्यांना चाले, दादाच्या घरचा कप चालत नसे. मी हे सरळ लिहून टाकते, कारण दादानं ते कधी तोंडातून काढलं नाही. त्यांचे हेडक्लार्क, त्यांना सारे बडे बाबू म्हणत, एकदा फाटकावर रेलून म्हणाले, "अरे, घरात कायले बसवतं आमाले? इथं निंबाखाली मस्त गवत लाव. मंग सारे बसू, चहा पिऊ. आता तं नुसती माती हाय, पँट खराब होते." बोलणारा बोलून गेला, दादानं मात्र ते मनावर घेतलं.

निंबाखाली गवत! ज्यानं कधी केलं असेल त्यालाच त्यातली गोम कळेल. पहिल्या पावसाळ्यात दादानं शेताच्या धुऱ्यावरची, बांधावरची हरळी आणून लावली. महिनाभर अशी हिरवीगार झाली की वहिनीनं दृष्ट काढायची बाकी ठेवली. हिवाळ्यात ती पिवळी पडली आणि होळीपर्यंत जमिनीला टक्कल. हरळीला ऊन लागतं, सावलीत ती जीव धरत नाही, हे तेव्हा कुणाला ठाऊक? जो तो म्हणे पाणी कमी पडलं. मग दादा सकाळ-संध्याकाळ पाणी देऊ लागला, तर शेवाळ आलं आणि कुबट वास सुटला. सरकारी बंगल्यावर कापतात तसं त्यानं उरलंसुरलं बारीक कापलं, तर तेही मेलं. मोहल्ल्यात थट्टेला ऊत आला. "गवत उपटनारे पाह्यले, लावनारा हाच पाह्यला," असं शेजारच्या काकू येता-जाता म्हणायच्या. वहिनी तर कपाळावर हात मारून म्हणे, "लोकं वांगे लावतात, मिरच्या लावतात. आमच्या घरी गवत! म्हैस तरी बांधा आता."

मी चिडून म्हटलं, "दादा, तो निंब काढून टाक ना, आपोआप येईल गवत." तर म्हणाला, "अन् पाव्हण्यायले उन्हात बसवू काय? सौसरचं ऊन तुले माहीत नाही का?" सावलीही पाहिजे आणि गवतही पाहिजे, असा त्याचा हट्ट. मग मोहगावकडे एका ओळखीच्याच्या संत्र्याच्या बागेत गेला असता त्याला झाडाखाली रुंद पानांचं, जमिनीला धरून पसरणारं गवत दिसलं. बागवाला म्हणाला, "हे रानटी हाय, बैल बी तोंड लावत नाही. किती पाहिजे तितकं न्या." दादानं ते मुळासकट पोत्यात भरून बसच्या टपावरून आणलं. या खेपेला त्यानं घाई केली नाही. निंबाच्या खालच्या फांद्या उतरवल्या, म्हणजे सकाळचं तिरपं ऊन आत येईल. सबलीनं, म्हणजे पहारीनं, जागोजागी भोकं पाडून तुडवलेली जमीन मोकळी केली, चाळलेलं शेणखत पसरलं, मग ठोंब लावले. पाणी द्यायचं ते सकाळीच, आणि माती वाळल्याशिवाय पुन्हा नाही. निंबाची पानं रोज ओढून काढायची, नाही तर खालचं गवत गुदमरतं. आणि कापायचं ते वरवर. मी म्हटलं, "एवढं वाढलंय, जरा बारीक कर." तर म्हणे, "सावलीतल्या गवताले ऊन कमी भेटते व. मंग पान तरी मोठं ठेवू दे त्याले." दुसरा पावसाळा सरता सरता निंबाखाली असं दाट गवत धरलं की रस्त्यानं जाणारा माणूस सायकलवरून उतरून पाही.

मग दादानं बोलावणी सुरू केली. वहिनीनं नव्या कपबशा आणल्या. शनिवारी बोलावलं तर बडे बाबू जामसावळीला मारुतीच्या दर्शनाला, उपास. पुढच्या वेळी कुणाच्या तरी मुलीला पाहायला पाहुणे येणार होते. त्याच्या पुढच्या वेळी बडे बाबूंना डॉक्टरनं चहाच बंद केला होता, आणि त्याच सायंकाळी मी त्यांना बसस्टँडवरच्या टपरीत बशीतून फुरके मारताना या डोळ्यांनी पाहिलं. घरी येऊन मी नुसती फणफणत होते. "दादा, त्यांना गवताचं काही पडलेलं नाही रे! तुला कळत कसं नाही?" तो पानं ओढत होता. थांबला. "मले कळत नाही असं वाटते तुले?" म्हणाला, "त्यायचा एक एक बहाना काढून घेऊन राहिलो मी. घरात नाही येत म्हनले, बाहीर बसाची जागा केली. माती हाय म्हनले, गवत लावलं. आता पाहू काय म्हनतात. आपली बाजू कच्ची नाही पाहिजे, कमल." अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

खबर मिळाली त्या दिवशी मी सौसरला उतरून घराशी पोचले तर फाटकाबाहेर सायकलींची रांग. आणि निंबाखाली, गवतावर, सगळं दफ्तर बसलेलं! चपला काढून, मांडी घालून, ऐसपैस. नागपूरचे नातेवाईक यायचे होते, म्हणून मयत थांबली होती. एक जण गवतावरून हात फिरवत शेजाऱ्याला सांगत होता, "एवढ्या सावलीत काय गवत आनलं हो बाबूनं!" माझ्या अंगाची आग झाली. आत जाऊन दादाचं तोंड पाहिलं, वहिनीला मिठी मारली, आणि ऊन तापलं तशी मीच घागरीतून पाणी काढून तांब्या-पेले घेऊन बाहेर आले. बडे बाबूंसमोर पेला धरला. त्यांनी हात जोडले. किती अदबीनं! "नाही बाई, मयतीच्या घरचं पानी घेत नसतात." बाकीच्यांनी माना हलवल्या. म्हणूनच तर सगळे इतके निवांत बसले होते! दादानं जन्मभर त्यांचे बहाने एकेक करून काढून घेतले, आणि शेवटचा, सगळ्यांत पक्का बहाना त्यालाच मरून द्यावा लागला.

पुण्यानुमोदनाला, म्हणजे दादाच्या स्मरणाच्या विधीला, सगळ्यांना निरोप दिला होता. कुणी फिरकलं नाही. मात्र मागच्या रविवारी मी वहिनीकडे असताना बडे बाबू स्वतः आले. फाटकाशीच उभे, हातात रिकामं पोतं. "वहिनी, आमच्या घरी आंब्याखाली काहीच जमत नाही. बाबूच्या गवताचे दोनचार ठोंब भेटले असते तं..." माझ्या जिभेवर काय काय आलं, ते इथं लिहिण्यासारखं नाही. वहिनी शांतपणे म्हणाली, "न्या ना. कायले नाही म्हनू? बसा, चहा ठेवते. चहा घ्या, मंग गवत न्या." बडे बाबूंनी गवताकडे पाहिलं, वहिनीकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. "आज जरा घाई हाय..." "मंग उद्या या," वहिनी म्हणाली, "गवत कुठं पयून जाते?" ते गेले. पोतं तसंच घेऊन गेले.

चहा मग आमच्यापुरता ठेवला. वहिनीनं त्या नव्या कपांतले दोन काढले, आम्ही दोघी निंबाखाली जाऊन बसलो. गवत गार होतं. वहिनी बराच वेळ तळव्यानं ते चाचपत राहिली. मग म्हणाली, "तुह्या दादानं एवढं केलं, पन यावर बसला नाही कधी. मी म्हनलं बी एक डाव, बसा ना जरासक. तं म्हने... नाही व, दबते. पाव्हण्यायले बसू दे पहिले."