दादांनी न विचारलेला प्रश्न

आमचे थोरले साडू, म्हणजे माझ्या बायकोच्या ताईचे यजमान, यांचं या जगातल्या कुठल्याही गोष्टीने पुरतं समाधान झालेलं आजवर कोणी पाहिलेलं नाही. देवाने स्वतः सातासमुद्रापार आमच्या लोअर हट गावी येऊन त्यांना दर्शन दिलं असतं, तरी त्यांनी आधी मुकुट जरा डावीकडे कलला आहे हे निदर्शनास आणलं असतं आणि मग नमस्कार केला असता. मी त्यांना दादा म्हणतो. दादा सगळ्या गोष्टींना दहापैकी गुण देतात. आमच्या वास्तुशांतीला ते सहकुटुंब आले, बूट काढता काढता म्हणाले, "घर सहा," स्वयंपाकघरात डोकावून म्हणाले, "ओटा चार," आणि पूजा आटोपल्यावर गुरुजींना ऐकू जाईल अशा बेताने मला सांगितलं, "मंत्र पाच, पण घाई फार." माझ्या लग्नाला त्यांनी किती गुण दिले होते ते बायकोने मला अजून सांगितलेलं नाही. नऊ गुण मिळवण्याचा मान आजवर फक्त इथल्या वाऱ्याला मिळाला आहे. "काम मनापासून करतो," असं त्यांचं त्याबद्दल मत पडलं.

असा माणूस वीस वर्षं फार्मसीच्या काउंटरमागे उभा होता आणि तरीही गिऱ्हाइकं टिकून होती, हे मला बरेच दिवस कोडं होतं. ऐन जुलैत, म्हणजे इथल्या कडाक्याच्या थंडीत, एक धिप्पाड ट्रकवाला जँडल्स, म्हणजे साध्या रबरी चपला, घालून खोकल्याचं औषध मागायला आला, तर दादांनी बाटली हातात धरून ठेवली आणि आधी त्याच्या उघड्या पावलांवर पाच मिनिटं व्याख्यान दिलं. तो मुकाट्याने समोरच्या दुकानात जाऊन मोजे घेऊन आला, घालून दाखवले, तेव्हा बाटली मिळाली. दुसऱ्या आठवड्यात तोच माणूस आपल्या आईला घेऊन आला. म्हातारीच्या चष्म्याला दादांनी तीन गुण दिले आणि डोळे तपासायला पाठवलं. लोक चिडायचे, हसायचे आणि पुन्हा यायचे.

अशात आमच्या भागातल्या खासदारबाईंनी पुढची निवडणूक लढवणार नाही असं जाहीर केलं. दादा त्यांच्याच पक्षाचे जुने सभासद. दुकानासमोरचा फूटपाथ उखडला होता, त्याची तक्रार कुठे करायची ते कळेना, म्हणून ते पक्षात शिरले होते आणि फूटपाथ दुरुस्त झाल्यावरही तिथेच राहिले. आता पक्षाचा नवा उमेदवार ठरायचा होता. स्थानिक सभासदांची एक बैठक, तिथे इच्छुकांची भाषणं आणि लगेच मतदान, अशी इथली रीत. दादांनी एका रविवारी जेवता जेवता सांगितलं की ते अर्ज भरणार आहेत. ताईंनी आमटी वाढणं थांबवलं नाही. "संसदेत गुणपत्रिका घेऊन जाऊ नका म्हणजे झालं," एवढंच म्हणाल्या. मला एक्सेल येतं या एका पात्रतेवर मी त्यांचा प्रचारप्रमुख झालो.

प्रचार कसा झाला ते मी सांगितलेलंच बरं, कारण दादा तो यशस्वी झाला असं समजतात. सभासदांच्या घरोघरी जाऊन ओळख करून घ्यायची होती. दादा दार वाजवत, कामाचं दोन मिनिटं बोलत आणि मग घरातली जुनी औषधं बघायला मागत. लोकही उत्साहाने कपाटं उघडीत. हिल रोडवर गेलेले दादा तीन तासांनी परत आले तेव्हा त्यांच्या हातात मुदत संपलेल्या गोळ्यांची आणि मलमांची भरलेली पिशवी होती. मतं किती पक्की झाली विचारलं, तर म्हणाले, "विचारायचं राहिलं. पण त्या घरांना आता धोका नाही."

समोर उमेदवार होते ब्रायन. निवृत्त हेडमास्तर, सहा फूट उंच, आवाज मऊ. अर्धं गाव त्यांच्या हाताखाली शिकलेलं. त्यांच्याशी सरळ लढून आपण हरणार हे माझ्या एक्सेलमध्ये स्वच्छ दिसत होतं. म्हणून मी जुनी कागदपत्रं चाळायला बसलो आणि मला हवं ते सापडलं. आदल्या वर्षीच्या हिवाळ्यात वृद्धाश्रमासमोरचा बसथांबा हलवून चढावर नेला होता. ब्रायन तेव्हा रहिवाशांच्या समितीवर होते, आणि ज्या चार बैठकांमध्ये हा निर्णय झाला त्या चारही बैठकांना ते गैरहजर होते. कारण कळवल्याची नोंदही नव्हती. मी एक प्रश्न लिहून काढला. म्हातारी माणसं थांबा वाचवायला धडपडत होती, तेव्हा ब्रायन, तुम्ही कुठे होतात?

कागद घेऊन मी दादांच्या घरामागच्या लाकडी डेकवर गेलो. त्यांनी तो वाचला, खिशातलं पेन काढून एक स्वल्पविराम दुरुस्त केला, कागदाची घडी घातली आणि म्हणाले, "हे नाही."

मी वाद घातला, आणि वाद काही वाईट घातला नाही. यात एक अक्षर खोटं नाही म्हटलं. त्यांच्या घरादाराबद्दल, स्वभावाबद्दल आपण काही बोलत नाही, केलेल्या कामाबद्दल बोलतोय. आपण नाही विचारलं तर निवडणुकीत विरोधी पक्ष विचारेल, आणि तेव्हा आपल्या सगळ्या पक्षाची पंचाईत होईल. दादा माझं सगळं ऐकून घेत होते, मध्येमध्ये मान हलवत होते.

"मुद्दा बरोबर आहे," ते शेवटी म्हणाले. "त्याची भाषणं लांबतात हे मी त्याला तोंडावर सांगितलंय, उद्या सगळ्यांसमोर सांगेन. त्याचा कोट जुना झालाय, तेही सांगेन. हे मात्र नाही."

सगळ्या जगाच्या चुका काढणारा माणूस ऐन वेळी सोवळा झालेला पाहून माझं डोकं तापलं. मी म्हणालो, "दादा, खरं सांगा, तुम्ही घाबरता." दादांनी पेन खिशात अडकवलं आणि घडी घातलेला कागद मला परत दिला. मी घरी येऊन बायकोला सांगितलं की तुझ्या भावजींना निवडून यायचंच नाहीये.

बैठक शनिवारी दुपारी कम्युनिटी हॉलमध्ये होती. साठ-सत्तर माणसं, घडीच्या खुर्च्या, मागे चहा आणि ताईंनी पहाटे उठून तळलेले बटाटेवडे. अध्यक्षबाईंनी किआ ओरा म्हणत इथल्या पद्धतीचा नमस्कार करून नियम सांगितले. आधी ब्रायन बोलणार, त्यांना दोन-तीन प्रश्न, मग दादांना तेवढाच वेळ. ब्रायन नेहमीसारखे छान बोलले. मग पहिल्या रांगेतल्या एक आजी काठीवर भार देऊन उठल्या. त्या वृद्धाश्रमातल्याच होत्या. मी त्यांना काहीही सांगितलं नव्हतं, हे शपथेवर सांगतो. त्यांनी माझ्या कागदावरचा प्रश्न, जवळजवळ माझ्याच शब्दांत, ब्रायनना विचारला.

ब्रायननी तोंड उघडलं. त्यांनी समोरच्या टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली. कान लाल झाले. हॉलमध्ये कोणीतरी कप बशीत ठेवला तेवढाच आवाज. मला त्या क्षणी आनंद झाला, हे लपवून ठेवण्यात अर्थ नाही. एवढ्यात माझ्या शेजारची खुर्ची सरकली आणि दादा उभे राहिले.

"मॅडम, बसथांब्याबद्दल मला बोलू द्या," ते इंग्रजीत म्हणाले, आणि परवानगीची वाट न पाहता पुढे गेले. त्या थांब्याच्या छपराचा उतार चुकीच्या बाजूला आहे, बाक इतका बुटका आहे की गुडघेदुखीचा माणूस बसला तर दोन बस गेल्या तरी उठत नाही, दक्षिणेचा बोचरा वारा कुठून शिरतो, वेळापत्रकाची अक्षरं मुंगीएवढी का आहेत, असं ते बोलत सुटले. थांब्याला त्यांनी दोन गुण दिले, त्यातला एक खांब सरळ असल्याबद्दल. लोक हसायला लागले. काठीवाल्या आजीही हसल्या आणि खाली बसल्या. तेवढ्यात कोणीतरी ब्रायनना खुर्ची दिली, पाणी दिलं. हे बोलणं दादांच्याच वेळात धरलं गेलं, त्यामुळे अध्यक्षबाईंनी घंटा वाजवली तेव्हा दादांचा स्वतःच्या भाषणाचा वेळ संपत आला होता. तीन आठवडे गॅरेजमध्ये घोटवलेल्या भाषणातली शेवटची दोन वाक्यं त्यांनी म्हटली आणि ते जागेवर आले. आम्ही हरलो. फार नाही, थोडक्यात हरलो. परतताना गाडी ताई चालवत होत्या, मी मागे बसलो होतो. दादा वड्यांचा रिकामा डबा मांडीवर घेऊन बसले होते. वडे जरा जास्त तळले गेले होते म्हणाले. ताईंनी आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "त्यांना काही विचारू नकोस हं. शेजाऱ्याला सर्दी झाली हेसुद्धा हा माणूस मला कधी सांगत नाही." मी रागातच होतो. मला वाटलं, त्या विषय बदलतायत.

पुढे खरी निवडणूक आली. एका जाहीर सभेत ब्रायननी आपणहोऊन तो विषय काढला. त्या हिवाळ्यात त्यांना सकाळी अंथरुणातून उठवत नव्हतं, डॉक्टरांनी डिप्रेशनच्या गोळ्या सुरू केल्या होत्या, आणि हेडमास्तर असलेल्या माणसाने हे कोणाला सांगायचं, म्हणून सख्ख्या बहिणीलाही सांगितलं नव्हतं. "दोघांनाच माहीत होतं," ते म्हणाले. "माझ्या डॉक्टरला, आणि जो दर महिन्याला मला ते पाकीट द्यायचा आणि माझ्या कोटाला नावं ठेवायचा त्या माणसाला. उमेदवार ठरवायच्या बैठकीत तो उठला तेव्हा मला वाटलं, संपलं सगळं. तो छपराबद्दल बोलला."

माणसं वळून पाहू लागली. दादा मागच्या टेबलापाशी ब्रायनची पत्रकं लावत उभे होते आणि माइक खरखरतो आहे अशी शेजारणीकडे तक्रार करत होते. मी त्यांच्याजवळ गेलो. बराच वेळ पत्रकं लावायला मदत केली. मग म्हणालो, "दादा, मी तुम्हाला घाबरता म्हटलं होतं."

"घाबरलोच होतो," दादा म्हणाले. ते पत्रकांच्या कडा जुळवत होते. "तू कागद आणलास ना, त्याच्या आधी महिनाभर तो प्रश्न माझ्या डोक्यात तयार होता. अगदी स्वल्पविरामासकट."

ब्रायन निवडून आले. दादा त्यांना दर महिन्याला चुकांचं पत्र पाठवतात आणि ब्रायन त्याला उत्तर देतात. दोन वर्षांपूर्वी दादा निवृत्त झाले आणि ताईंना घेऊन दूर दक्षिणेकडच्या हॉर्नबीला, लेकीच्या घराजवळ राहायला गेले. लोअर हटमध्ये आता आमच्या घराला नावं ठेवणारं कोणी उरलं नाही, त्यामुळे ओटा चारचा पाच झाला असेल की नाही ते कळायला मार्ग नाही.

गेल्या महिन्यात मला ब्लडप्रेशरच्या गोळ्या सुरू झाल्या. बायकोला अजून सांगितलेलं नाही, सांगणार आहे. दादांच्या जागी आलेली फार्मसिस्ट फार हसतमुख आहे. तिने माझं नाव, गोळीचं नाव आणि ती कशासाठी आहे हे स्वच्छ, खणखणीत आवाजात समजावून दिलं. रांगेत मागे ऑफिसातली दोघं उभी होती. तिचं काही चुकलं असं नाही. मी पाकीट खिशात घालून बाहेर आलो, थोडा वेळ वाऱ्यात उभा राहिलो आणि हॉर्नबीला फोन लावला. दादांनी विचारलं, काय झालं. मी म्हटलं, काही नाही, सहज केला.

"सकाळची आहे की संध्याकाळची?" त्यांनी विचारलं.

"सकाळची," मी म्हणालो.

"बरं," ते म्हणाले, आणि तिकडे थंडी किती पडली आहे ते सांगू लागले.