मिस्त्री घाबरत नाही

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला शहरभरची भांडणं फुकटात ऐकायला मिळतात. तो बंद शाफ्टमध्ये, लिफ्टच्या टपावर ग्रीसचा डबा मांडून बसलेला असतो. दाराच्या पलीकडे माणसं लिफ्टची वाट बघत उभी असतात, आणि वाट बघणाऱ्याची जीभ काही स्वस्थ बसत नाही. आत कोणी बसलंय हे त्यांच्या गावीही नसतं.

त्या वर्षी सगळ्या मजल्यांवर एकच विषय होता: गांजा खुला करायचा की नाही. त्यावर सार्वमत होणार होतं. दुसऱ्या मजल्यावर कोणी म्हणे, "दारू चालते, मग यानंच काय घोडं मारलंय?" चौथ्यावरचे आजोबा म्हणत, "उद्या पोरं शाळेत झुलत जातील, मग बसा टाळ्या वाजवत." त्याहून वर कोणी हिशेबी माणूस असायचा: कर मिळेल, रस्ते होतील. रस्ते काय, कुठल्याही वादात येतातच. मिस्त्री सगळ्यांचं ऐकून घ्यायचा आणि आपलं काम करत राहायचा. तो स्वतः रोज संध्याकाळी, आंघोळ करून, जेवणाआधी गॅलरीत एक ओढायचा. एकच. चोरून विकणारे होते, पोलीस कानाडोळा करत होते, आणि त्यापायी मिस्त्रीचं कधी काही बिघडलेलं कोणी पाहिलं नव्हतं.

आता अशा माणसाच्या मागे एखादं मोठं दुःख असावं अशी आपली अपेक्षा असते. मिस्त्रीकडे तसलं काही नव्हतं. बायको होती, एक मुलगी होती, हातात कसब होतं. रात्री डोळ्याला डोळा लागत नाही म्हणून एका वायरमननं एकदा दिला, झोप लागली, दुसऱ्या दिवशी पुन्हा घेतला. एवढंच.

त्याआधीचा मिस्त्री मात्र वेगळा होता. राग नाकावर. भाजीत मीठ कमी पडलं की ताट भिरकावून उठायचा. शेजाऱ्यानं जिन्यात सायकल ठेवली तर अख्खी इमारत गोळा व्हायची. मुलीला ताप आला तर हा डॉक्टरच्या अंगावर धावून जायचा, जसा काही ताप त्यानंच सोडला होता. गांजा सुरू झाला आणि हे सगळं हळूहळू थांबलं. खरं सांगायचं तर बायकोनं सुटकेचा निःश्वास टाकला. "ओढा हवं तर, पण असेच राहा," असंही ती एकदा हसत म्हणाली होती.

घर शांत झालं, आणि मग ती शांतता वाढतच गेली. मुलगी परीक्षेत पहिली आली, मिस्त्री म्हणाला, "बरं झालं." त्याची आई गेली, तेव्हा तो आल्यागेल्यांची सोय बघत फिरला, कुणाला खुर्ची आहे कुणाला नाही ते पाहत राहिला आणि एकदाही रडला नाही. लोक म्हणाले, काय धीराचा माणूस! त्याला स्वतःला मात्र दातांच्या डॉक्टरनं इंजेक्शन दिल्यावर गाल होतो तसं वाटत होतं. गाल आपलाच, पण चावला तरी कळत नाही.

कामावर त्याच्या जोडीला बायकोचा धाकटा भाऊ होता. मिस्त्रीनंच त्याला हाताला धरून काम शिकवलं होतं. एक जण टपावर, बटणं त्याच्या हातात. दुसरा शाफ्टच्या तळाशी, खड्ड्यात. खड्ड्यात एक लाल बटण असतं, ते दाबलेलं असलं की लिफ्ट हलत नाही. पण लोंबती केबल चालत्या लिफ्टबरोबर नीट सरकते का हे बघायचं असलं की ते सोडावं लागतं. वरच्याला खालचा दिसत नाही, खालच्याला वरचा दिसत नाही. म्हणून मिस्त्रीचा एक नियम होता. वरचा ओरडणार, "खाली!" खालचा तेच परत म्हणणार, "खाली!" मग वरचा म्हणणार, "हो!" आणि तेव्हाच बटण दाबणार. खालून शब्द आला नाही तर लिफ्ट हलवायची नाही, मग दिवस मावळला तरी बेहत्तर. बाकीचे मिस्त्री हसायचे, "झालं यांचं नाटक सुरू!" मिस्त्री म्हणायचा, "हसा. आमचे दोघांचे चारही पाय शाबूत आहेत."

त्या दिवशी एका कचेरीच्या इमारतीत काम होतं. मेहुणा खड्ड्यात होता, लाल बटण सोडलेलं होतं. त्याच्या हातून पाना निसटून कोपऱ्यात गेला आणि तो उचलायला तो वाकला. वर टपावर मिस्त्री बसला होता. सकाळची वेळ, काही ओढलेलं नव्हतं, डोकं साफ. आणि त्यानं एका दमात, पाढे म्हणावेत तसं म्हटलं, "खाली, खाली, हो." मेहुण्याच्या वाटणीचा शब्दही स्वतःच म्हणून टाकला आणि बटण दाबलं.

अशा वेळी लिफ्ट हळू उतरते, पण उतरते. मेहुण्यानं मान वर केली तेव्हा लोखंडी तळ डोक्याला टेकला होता. तो अंग चोरून खाली बसला, हात लांबवला, चाचपडत लाल बटण शोधलं आणि दाबलं. लिफ्ट थांबली. हेल्मेट तेवढं चेपलं. माणसाला ओरखडाही नव्हता.

मिस्त्रीनं त्याला बाहेर काढून पायरीवर बसवलं. मेहुण्याची पाचावर धारण बसली होती. ओठ पांढरे पडले होते. मिस्त्रीनं थर्मासमधला चहा ओतून दिला, पण मेहुण्याला कप धरवेना, निम्मा चहा पँटवर सांडला. तेव्हा मिस्त्रीनं कप स्वतः धरून त्याच्या ओठांना लावला. तो हात जरासुद्धा हलत नव्हता. मेहुणा चहा सोडून त्या हाताकडेच बघत राहिला.

"भावोजी," तो म्हणाला, "मी मेलो असतो."

"हो. चुकलंच माझं."

"चुकलं ते राहू द्या. चूक कोणाचीही होते. तुम्हाला काहीच कसं होत नाहीये?"

मिस्त्रीनं प्रामाणिकपणे आत शोधून पाहिलं. मेहुण्यावर त्याचा जीव होता, निदान होता असं त्याला आठवत होतं. तो मेला असता हेही कळत होतं. पण कळणं तिथल्या तिथेच राहत होतं, पुढे काही सरकत नव्हतं.

"होईल," तो म्हणाला. "उशिरानं होईल बहुतेक."

आता हे गांजामुळे झालं का? उचलली जीभ लावली टाळ्याला, अशी उत्तरं देणारे दोन्हीकडे पुष्कळ आहेत. गांजाला कधी न शिवलेल्या मिस्त्रींच्या हातूनही अपघात झाले आहेत. आणि मेहुणा स्वतः सुट्टीच्या दिवशी भावोजींबरोबर गॅलरीत दोन झुरके मारायचा, तरी त्याला कप धरवत नव्हता. मिस्त्रीला हे कोडं सुटत नव्हतं आणि सोडवायची घाईही नव्हती. त्याला फक्त भीती हवी होती. आपलं माणूस आपल्या हातून मरता मरता वाचलं, तर आपण घाबरायला हवं. ती भीती एकदा आली असती तर तो पुन्हा बटणाजवळ बसायला लायक झाला असता.

दुसऱ्या दिवशी मेहुणा म्हणाला, "आजपासून मी वर. तुम्ही खाली." मिस्त्री मुकाट उतरला. लिफ्टचा तळ डोक्यावर येताना तो टक लावून बघायचा. आता काळजाचा ठोका चुकेल, आता चुकेल. चुकला नाही. काही दिवसांनी मेहुण्यानं कंपनीकडून दुसरा जोडीदार मागून घेतला. कारण विचारलं तर त्यानं मिठाची गुळणी धरली. सख्ख्या बहिणीकडेही तो चकार शब्द बोलला नाही. "ताईला तुम्हीच सांगा," एवढंच तो मिस्त्रीला म्हणाला.

मिस्त्रीनं सांगितलं नाही. लपवायचं होतं म्हणून नव्हे. घरी जाऊन सांगावं असं वाटण्यासाठी आधी काही वाटावं लागतं.

इकडे मुलगी 'खुला करा'वाल्यांच्यात सामील झाली होती. जेवणाच्या टेबलावर पत्रकांचे गठ्ठे असत आणि ताटं त्यांना सांभाळून ठेवावी लागत.

"बाबा, तुम्ही आमच्या सभेत बोला ना," ती एकदा म्हणाली. "लोक म्हणतात, ओढणारा म्हणजे कामातून गेलेला. तुम्ही नुसते उभे राहिलात तरी त्यांची तोंडं बंद होतील."

"काय बोलू?"

"खरं असेल ते बोला."

बायको वाटाणे सोलत होती. ती म्हणाली, "यांना बोलायला लावतेस? त्यापेक्षा त्या भिंतीला विचार."

सभेला हॉल खच्चून भरला होता. एका बाजूला 'खुला करा'वाले, दुसऱ्या बाजूला विरोधक, आणि मधल्या रांगेत बायको, तिच्या शेजारी तिनं आग्रह करून आणलेला भाऊ. मिस्त्री माइकपाशी गेला.

"मी रोज एक ओढतो," तो म्हणाला. "कामाच्या वेळी नाही. पगार घरी देतो. भांडत नाही." टाळ्या पडल्या. मुलीचा चेहरा उजळला. मिस्त्री टाळ्या संपेपर्यंत थांबला. "खरं बोलायला सांगितलंय म्हणून सांगतो. मध्यंतरी मी माझ्या मेहुण्याला लिफ्टखाली घेतलं. त्याचा शब्द मीच म्हटला आणि बटण दाबलं. हेल्मेट चेपलं, तो वाचला. त्या दिवशी मी ओढलेलं नव्हतं. मला तेव्हा काही वाटलं नाही. अजूनही वाटलेलं नाही. बस, एवढंच."

आवाज कसा, तर बेअरिंग बदललं असं सांगावं तसा.

मग जो गलका उठला! एकीकडून, "बघा, ऐका स्वतःच्या कानांनी!" दुसरीकडून, "त्या दिवशी ओढलं नव्हतं, तेच म्हणाले की!" एका बाईंच्या मते हा मनावरचा धक्का होता, एका गृहस्थांच्या मते ही नशाच होती. मिस्त्री समोर उभा होता, पण त्याला कोणी काही विचारलं नाही. तो विषय झाला होता. मुलगी मान खाली घालून पत्रकांच्या कडा जुळवत राहिली. आणि मधल्या रांगेत बायकोनं भावाचं डोकं दोन्ही हातांत धरलं होतं. इतक्या लोकांदेखत ती त्याच्या केसांतून बोटं फिरवत होती, जखम अजून तिथेच असेल आणि आपल्याला सापडेल अशा तऱ्हेनं. तो "अगं ताई, काही नाही, काही नाही" म्हणत होता आणि रडत होता.

घरी आल्यावर बायकोनं चप्पलही काढली नाही.

"मला हॉलमध्ये सांगितलंत," ती म्हणाली. "सगळ्या गावाबरोबर."

"घरी सांगायचं सुचलं नाही."

"सुचलं नाही!" ती खुर्चीत बसली. "तुम्ही ताटं फेकायचात तेव्हा मी रडायचे. मला वाटायचं याहून वाईट काही नसतं. तेव्हा पोरीला नुसता ताप आला तरी तुमचे हातपाय गळायचे हो. ते मी विसरलेच. असेच राहा म्हणाले, माझी जीभ झडो." मग तिनं डोळे पुसले आणि सरळ त्याच्याकडे पाहिलं. "मला माफी नको तुमची. एकदा घाबरून दाखवा. माझ्या भावासाठी नाही, तर माझ्यासाठी घाबरा."

"प्रयत्न करतो," मिस्त्री म्हणाला.

ते ऐकून तिला हसू फुटलं. ते हसू त्याला आवडलं नाही, असं म्हणायला हवं. पण तेवढंही त्याला नक्की सांगता आलं नसतं.

सार्वमत थोडक्या मतांनी 'खुला करा'वाल्यांनी जिंकलं. मुलीनं मत कुणाला दिलं ते घरात सांगितलं नाही. कोपऱ्यावर दुकान उघडलं. काचेचं, चकचकीत, औषधाच्या दुकानासारखं. लोक उजळ माथ्यानं आत जाऊ लागले, आणि त्यांतले बहुतेक पूर्वीसारखेच हसत, भांडत, प्रेमात पडत राहिले. मिस्त्री त्या दारावरून सरळ पुढे जायचा. सभेच्या दुसऱ्या दिवसापासूनच त्यानं कानाला खडा लावला होता. सगळ्यांना मोकळीक मिळाली तेव्हा सोडून बसलेला तो एकटाच असावा. झोप उडाली, घाम फुटायचा, अन्नावरची वासना गेली. राग येईल, भीती येईल म्हणून तो दोघांचीही वाट बघत राहिला. कोणीच आलं नाही. डॉक्टर म्हणाला, वेळ लागतो. किती, हे त्यालाही सांगता आलं नाही.

त्याच सुमारास त्यांच्या स्वतःच्या इमारतीतली लिफ्ट बंद पडली. जुनी जाळीच्या दाराची लिफ्ट, जिना तिच्याभोवतीच फिरत वर जाणारा. मिस्त्रीनं नव्या जोडीदाराला घेऊन ती दुरुस्त केली, रिकामी वरखाली फिरवून पाहिली आणि दुपारीच सगळ्यांसाठी सुरू केली. संध्याकाळी तो तिच्यातूनच घरी निघाला, तर दुसऱ्या मजल्यापाशी जाळीतून बायको दिसली. दोन्ही हातांत पिशव्या, कठड्याला टेकून दम खात उभी होती. तिचे गुडघे दुखायचे, आणि घर पाचव्या मजल्यावर होतं. त्यानं लिफ्ट थांबवली आणि दार उघडलं.

"लिफ्ट सुरू झालीय," तो म्हणाला.

"माहीत आहे. तुम्हीच दुरुस्त केलीत ना."

ती जागची हलली नाही. वरच्या मजल्यावरून कुणीतरी घंटी वाजवून लिफ्ट मागत होतं. मिस्त्री दार धरून उभा राहिला. तिनं पुढचा जिना नजरेनं मोजला, एक पायरी चढली, मग थांबली आणि जड पिशवी त्याच्या हातात दिली.

"ही न्या लिफ्टनं," ती म्हणाली. "बटाटेच आहेत."

मिस्त्रीनं पिशवी घेतली, दार ओढलं आणि पाचव्या मजल्याचं बटण दाबलं.