न गंजणारं लोखंड

पत्नी गेल्यानंतरच्या हिवाळ्यात मी सौसरच्या वाचनालयात एक व्याख्यान ठेवलं. आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलेल्या माणसाला घरात बोलायला कोणी उरलं नाही, की असं काहीतरी सुचतं. विषय होता मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यात फिरणारा धातूचा लघुग्रह. बाहेरच्या फळ्यावर विषय आणि वेळ लिहिली, रविवार दुपारी चार. वीस खुर्च्या मीच मांडल्या.

साडेचारपर्यंत कोणी आलं नाही. संत्र्याचा तोडा सुरू आहे, लोक शेतात असतील, अशी मी मनाची समजूत घातली. खुर्च्या उचलायला लागलो तेवढ्यात बोरगावचे एक म्हातारे लोहार आत आले. त्यांना मी फक्त चेहऱ्यानं ओळखत होतो.

"गुरुजी, लोखंडाचा ग्रह म्हून लिवलं हाय बाहेर. सांगा नं."

एकट्या माणसापुढे उभं राहून बोलणं अवघड वाटलं, म्हणून शेजारी बसलो. सांगितलं, इथून नागपूर जितकं लांब त्याच्या तिप्पट तरी तो रुंद आहे. लोखंड आणि निकेल भरपूर, दगडही असावा. जवळून अजून कोणी पाहिला नाही, एक यान वाटेत आहे.

ते हाताच्या भेगा चोळत ऐकत होते.

"तिथं हवा नाई, पाणी नाई. म्हंजे जंग चढतच नसन?"

"नाही चढत."

"अन् कोनाच्या कामीबी येत नाई."

इतक्या वर्षांत कुठल्याच वर्गात हे कोणी बोललं नव्हतं.

मग ते स्वतःचं सांगू लागले. त्यांचा भाता बंद पडला होता. विळे-कुऱ्हाडी लोक आता बाजारातून तयार आणतात. "घरी मले लोखंडाचं कोनी इचारत नाई. वाटलं, इथं कोनी बोलून राहिलं तं आयकून यावं."

पुढचे तीन रविवार ते आले. चौथ्या रविवारी आले नाहीत. मी बसनं बोरगावला गेलो, लोहारबुवांचं घर विचारत पोचलो. दाराला कुलूप होतं.

"पोरीनं नेलं त्याइले छिंदवाड्याले," शेजारीण म्हणाली. "आता नाई येत थे. तुमी कोन?"

"ओळखीचा," मी म्हणालो.

परतीच्या बसमध्ये लक्षात आलं, मी त्यांचं नावसुद्धा विचारलं नव्हतं. रविवारी चारला मी अजूनही वाचनालयात जातो, पेपर वाचतो आणि पाचला घरी येतो.