फेट्याची वाकळ

आमच्या घरात कापड सहसा टाकून दिलं जात नसे. आईचं लुगडं बसून बसून मध्यावर विरलं की तेवढा भाग काढून टाकायचा आणि दोन चांगली टोकं एकमेकांना जोडायची. याला दांड घालणं म्हणतात. दांड घातलेलं लुगडंही फाटलं की त्याची दुपटी, मग फडकी, आणि अगदीच काही उरलं नाही की ते वाकळीत जायचं. लढाईच्या वर्षांत कापड कार्डावर मिळू लागलं आणि दोऱ्याचं रीळ दिसेनासं झालं. तेव्हा आई जुन्या धोतराच्या काठातून सूत उसवायची, मांडीवर त्याला पीळ द्यायची आणि मेणावरून ओढून सुईत ओवायची.

मी तेव्हा वीस-एकवीस वर्षांचा होतो. इस्लामपुरात एका शिंप्याच्या हाताखाली दीड वर्ष काढून शिवण शिकलो होतो आणि येताना एक कातर घेऊन आलो होतो. कॉलर उलटवून शर्ट नवा करणं, कोटाच्या कोपराला ठिगळ लावणं, घोंगडीचं भोक विणून बुजवणं, सगळं मला येत होतं. आमचं घर शेतकऱ्याचं. पारावर बसलेले चिडवायचे, "काय रं गड्या, थोरला बंदूक धरतोय आन धाकटा सुई व्हय?"

थोरला म्हणजे माझा भाऊ. लग्न झाल्यावर वर्षाच्या आत तो पलटणीत गेला. पूर्वेकडं लढाईवर गेल्यावर काही महिने पत्रं आली, मग थांबली. नंतर सरकारी कागद आला. त्यात तो बेपत्ता असल्याचं लिहिलं होतं. मेला असं नव्हतं आणि जिवंत आहे असंही नव्हतं. वहिनीनं मला तो कागद तीनदा वाचायला लावला आणि घडी करून त्याच्या पेटीत ठेवला. पेटीत त्याचे दोन सदरे, एक धोतरजोडी आणि लग्नातला गुलाबी फेटा होता.

वाकळीचा एक नियम आमच्याकडं सगळ्यांना ठाऊक असतो. मेलेल्या माणसाची कापडं तिच्यात घालतात, म्हणजे त्याची ऊब घरात राहते. जिवंत माणसाचं धडकं कापड घालत नाहीत. जो दूर गेला आहे त्याच्या कापडाला तर हातही लावत नाहीत. ते कापलं म्हणजे घरानं त्याचा नाद सोडला असं होतं.

हा नियम मला ठाऊक नव्हता, असं मी म्हणू शकत नाही. ठाऊक होता म्हणूनच मी ते केलं.

कराडजवळच्या एका गावची मुलगी माझ्यासाठी ठरली होती. आईचं म्हणणं एकच, "थोरल्याचं काय त्ये कळल्याबिगर माझ्या दारात मांडव न्हाई." दोन वर्षं अशीच गेली. शेवटी मुलीच्या वडिलांनी निरोप धाडला, की अक्षय्य तृतीयेपर्यंत वाट बघतो, मग दुसरीकडं देतो. मुलीला मी कराडच्या बाजारात एकदाच, लांबून पाहिलं होतं. तेवढ्यावर माझा जीव अडकला होता.

मग एक दिवस आई बाजारला गेली होती आणि वहिनी उसात खुरपायला. मी पेटी उघडली, फेटा काढला आणि अंगणात पसरला. कातर नवी होती, कापड मऊ होतं. वाकळीच्या कडेनं लावायला मी त्याचे तिकोनी तुकडे कापले. बायका वाकळीची कापडं हातानं टरकावतात, त्यांना तिकोनी तुकडे साधत नाहीत. मला साधतात याचा मला त्या वेळीसुद्धा अभिमान वाटला होता. हे लिहिताना लाज वाटते, पण ते खरं आहे.

आई आधी आली. "ह्ये काय?" म्हणाली.

मी म्हणालो, "वैनीनं काढून दिला. म्हणाली, आता वाकळंत घाला."

आई तिथंच उंबऱ्यावर बसली आणि मोठ्यानं रडायला लागली. शेजारच्या बायका गोळा झाल्या. वहिनी डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन आली तोवर सगळ्या आळीला कळलं होतं. एक म्हातारी तिच्या तोंडावरून हात फिरवत म्हणाली, "लय धीराची गं बाई तू. आमची छाती न्हाई झाली असती."

वहिनीनं भारा खाली टाकला. तुकड्यांकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मग बायकांतून वाट काढून ती घरात गेली.

दिवस मावळायच्या आधी मी म्हशीला पाणी दाखवत होतो, तेव्हा ती गोठ्यात आली.

"भावजी, मी कवा दिला?"

"चुकलं वैनी. आईला सांगतो."

"सांगा की मग. त्या चुलीपाशी हायत."

मी उभाच राहिलो. म्हैस बादलीतलं पाणी पीत होती. वहिनी दाराला टेकून वाट बघत होती. म्हशीनं बादली रिकामी केली, जिभेनं तळ चाटला, तरी माझं पाऊल उचललं नाही.

"तुमच्यानं न्हाई व्हायचं," ती म्हणाली आणि निघून गेली.

ती वाकळ तिनंच शिवली. आईनं सांगितलं म्हणून असेल, किंवा ते तुकडे दुसऱ्या कुणाच्या हाती जाऊ नयेत म्हणून असेल. पंधरा दिवस ती रोज दुपारी बसायची. बारीक, एकसारखा धावदोरा कडेकडेनं घालत ती आत आत गेली, माझ्या हातालाही जमणार नाही असा. सगळ्यात शेवटी वाकळीला घास भरवतात. एक कोपरा उघडा ठेवलेला असतो, त्यात भाकरीचा तुकडा घालायचा आणि तो शिवून टाकायचा. वाकळ उपाशी राहिली तर पांघरणारा उपाशी राहतो म्हणतात. आईनं भाकरी पुढं केली तेव्हा वहिनी म्हणाली, "न्हाई आत्याबाई. ही अशीच ऱ्हाऊ द्या. ते आलं की त्येंच्या हातानं घास घालून घीन."

आईला वाटलं, पोरीचं डोकं फिरलं. मला मात्र नीट कळलं. सगळ्यांनी नाद सोडला होता, ती सोडून.

आता आईनं मांडवाला होकार दिला आणि माझं लग्न झालं. वहिनीनं कुंकू पुसायला नकार दिला होता, तरी तिला विधवाच धरून हळदीला पुढं येऊ दिलं नाही. परड्यात चुलवणापाशी बसून ती भाताची पातेली उतरवत राहिली. नंतर पाणवठ्यावर बायका तिच्या तोंडावर म्हणायच्या, "नवऱ्याचा फेटा वाकळंत घालती आन कुंकू मिरवती, बघा तरी." आधी जी धीराची होती तीच आता निलाजरी झाली होती. ती घागर भरायची आणि घरी यायची.

लढाई संपली आणि पुढच्या वर्षी भाऊ परत आला. हाडं तेवढी उरली होती. शत्रूच्या कैदेत होता, असं तेव्हा कळलं. तिसऱ्या दिवशी देवाला जायचं म्हणून त्यानं आंघोळ केली आणि ओसरीवर येऊन म्हणाला, "माझा फेटा काढा."

मी सासऱ्यांनी दिलेल्या मशीनवर बसून त्याच्याचसाठी सदरा शिवत होतो.

"आरं बाबा," आई म्हणाली, "तुझा काय पत्ता न्हवता. तुझ्या बायकूनंच काढून दिला वाकळंत घालाया."

त्यानं वहिनीकडं पाहिलं. वहिनीनं माझ्याकडं पाहिलं. मी पायडल मारत राहिलो. माझा पाय थांबला नाही.

"म्हंजे मला मेल्यालाच धरलं हुतं," तो म्हणाला आणि डोक्याला पंचा गुंडाळून बाहेर पडला.

त्या वाकळीवर तो कधी निजला नाही. एक घोंगडी घेऊन सोप्यात झोपायचा. संसार झाला म्हणायचा तर झाला. ती वाढायची, तो जेवायचा. मूलबाळ झालं नाही. त्याचे कपडे मी शिवायचो, फाटले की मीच दुरुस्त करायचो, आणि त्याच्या कापडाला घातलेल्या प्रत्येक टाक्यानं माझं थोडं ओझं उतरतं अशी मी वीस वर्षं स्वतःची समजूत घालत राहिलो.

दोन वर्षांपूर्वी वहिनी त्याच वाकळीवर गेली. गेलेल्या माणसाचं अंथरूण घरात ठेवत नाहीत. भाऊ म्हणाला, "ही नदीला सोडून ये." मी कृष्णेच्या काठावर गेलो. पाण्यात टाकायला वाकळ उचलली तेव्हा माझी बोटं एका कोपऱ्यात आत शिरली. कोपरा उघडाच होता. तिनं मधल्या वर्षांत वाकळीला किती ठिगळं लावली होती, पण त्या कोपऱ्याला एक टाका घातला नव्हता. नवरा घरात होता, चार हातांवर निजत होता, तरी तो घास घालायचा राहूनच गेला होता.

वाकळ घेऊन मी परत आलो. ती भावापुढं ठेवली, कोपरा दाखवला आणि सगळं सांगितलं. पेटी, कातर, आईला मारलेली थाप, गोठा.

त्यानं त्या कोपऱ्यात बोटं घातली. मग म्हणाला, "पहिल्या वर्सातच ती एकदा म्हणाली हुती, म्या न्हाई दिला. म्या इचारलं, मग कुनी? तर गप बसली. म्या म्हटलं, खोटं बोलतीस."

"दादा," मी म्हणालो.

"दोन दिस आदी सांगायचंस रं. ती हुती की तवा."

त्यानं टोपलीतून भाकरीचा तुकडा आणला आणि कोपऱ्यात घातला. मी सुई-दोरा पुढं केला. त्यानं घेतला नाही. पोत्याच्या तोंडाला लावतात तो दाभण आणि सुतळी शोधून आणली आणि स्वतःच वेडेवाकडे टाके घातले. मी बघत होतो. एक टाका सुटत होता, तेही मी सांगू शकलो नाही.

आता तो त्या वाकळीवर निजतो. मला मात्र त्यानं तेव्हापासून एक बटणसुद्धा लावायला दिलेलं नाही. परवा त्याच्या सदऱ्याचं कोपर फाटलेलं दिसलं. मी म्हणालो, "काढून दे, आत्ता करून देतो."

"ऱ्हाऊ दे," तो म्हणाला आणि तसाच शेतावर गेला.