लस चांगली होती

दाजी मोंडकर यांना मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा ते देवबागेत आमच्या घराच्या ओसरीवर, डोक्यावर धड कौले असताना, काळी छत्री उघडून बसले होते. छत्रीच्या पलीकडून एका तान्ह्या मुलाचा उघडा दंड तेवढा बाहेर आला होता आणि दाजी त्याच्याशी मालवणीत काहीतरी बोलत होते. शाळेत शिकवून परतलेल्या मला हा काय प्रकार आहे ते कळेना. मी विचारले, "हे कोण गृहस्थ, आणि आमच्या ओसरीवर ऊन कुठे लागते त्यांना?" सासूबाई म्हणाल्या, "हळू बोल गो. देवीडॉक्टर आसत. पोर दूध पिता."

गावोगाव फिरून मुलांना देवीची लस टोचणाऱ्या सरकारी माणसाला तेव्हा आमच्याकडे देवीडॉक्टर म्हणत. पन्नास-साठच्या दशकांतली ही गोष्ट. दाजींच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथात त्यांच्या 'निष्काम सेवेवर' इतर मान्यवर लिहितीलच. त्यांतल्या किती जणांनी दाजींना काम करताना पाहिले आहे, हा प्रश्न मी ग्रंथाच्या समितीला विचारला होता. उत्तर आलेले नाही. म्हणून मी जे पाहिले तेवढेच लिहिते.

त्या छत्रीचे कारण साधे होते. मूल आईच्या अंगावर पीत असताना टोचले तर ते कमी रडते, हे दाजींच्या फार लवकर लक्षात आले होते. पण परक्या पुरुषासमोर कोणती बाई मुलाला पाजायला बसेल? इतर देवीडॉक्टर मूल आईकडून ओढून घेत, दोघांना हातपाय धरायला लावत आणि काम उरकत. दाजींनी मधे छत्री धरली. पलीकडे आई आणि मूल, अलीकडे दाजी आणि एक दंड. मूल नीट प्यायला लागेपर्यंत ते थांबत. कधी पंधरा मिनिटे, कधी अर्धा तास. त्यांच्या वरिष्ठांना हा वेळकाढूपणा वाटे. ज्यांनी रडते मूल कधी मांडीवर घेतले नाही, त्यांना तो वाटणारच.

माझी लीना तेव्हा पाच महिन्यांची होती. नवरा बोटीवर नोकरीला, घरात सासूबाई आणि मी. खाडीपलीकडच्या वाडीत देवीचा एक रोगी निघाला होता, म्हणून दाजी होडीने इकडे आले होते. शेवटी लीनाची पाळी आली. दाजींनी हत्याराचे टोक स्पिरिटच्या दिव्यावर धरले, पण लीनाचा दंड मात्र नुसत्या पाण्याने पुसला, सुकू दिला आणि लसीचा थेंब ठेवून टोचले. मी बेळगावच्या कॉन्व्हेंटात शिकलेली. जखम झाली की टिंक्चर आयोडीन, हे तिथल्या सिस्टरांनी आमच्या हाडीमाशी भिनवलेले. मी दाजींना स्वच्छतेवर एक लहानसे व्याख्यान दिले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले.

"बाई, आठ दिवस ह्येका कायएक लावू नका," ते म्हणाले. "पट्टी नको, तेल नको. झबल्याची बाही कापा. आठव्या दिसा ताप येतलो, भियां नको. घरात फोडणी नको म्हणत असतील तर नको, पण बाळाचा दूध तोडू नका."

देवीचा फोड अंगावर असेपर्यंत घरात फोडणी घालू नये, मासे तळू नयेत, असा रिवाज शेजारच्या घरांत होता. दाजी त्याला हसत नसत. मी हसत असे. आणि ते होडीकडे वळताच मी आत गेले, आयोडीनचा बोळा घेतला आणि लीनाचा दंड चांगला घासून पुसला.

आठव्या दिवशी दाजी परत आले. आमच्याच ओसरीवर सगळ्या आया मुले घेऊन जमल्या होत्या. लीनाचा दंड तळहातासारखा गुळगुळीत. फोड नाही, पुळी नाही, म्हणजे लस लागलीच नव्हती. दाजींनी दंड उजेडाकडे धरला. झबल्याच्या कापलेल्या काठावर आयोडीनचा तांबूस डाग होता. तो त्यांनी पाहिला आणि त्यांनी पाहिलेला मी पाहिला. मग त्यांनी तो काठ आत दुमडला आणि सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाले, "लस शिळी होती वाटता. चूक माझी. पुन्हा टोचूया."

मी लीनाला पुन्हा मांडीवर घेतले. एवढ्या बायकांसमोर शाळेच्या बाईंची लाज राखली गेली होती, आणि खरे सांगायचे तर मला ते आवडले.

पण शेवंता उठली. ही आमची शेजारीण, मालवणच्या बाजारात मासे विकणारी. मांडीवरचा नातू तिने खांद्यावर टाकला. "शिळ्या बांगड्याक वास तरी येता," ती म्हणाली. "ह्येका तोव नाय. आमच्या पोरांक शिळी लस कित्याक? चला गो घराक."

बायका भराभर उठू लागल्या. दाजींच्या कपाळावर घाम आला, पण त्यांनी माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. खाडीपलीकडे रोग होता आणि ओसरीवरची निम्मी मुले लीनासारखेच कोरे दंड घेऊन घरी चालली होती. माझी एक चूक झाकण्यासाठी या माणसाने स्वतःच्या लसीवरचा लोकांचा विश्वास घालवला होता. मला दाजींचा राग आला. त्याहून जास्त माझा आला.

"शेवंता, बस खाली," मी म्हटले. "लस शिळी नव्हती. मी आयोडीनने पुसून काढली."

शेवंता पायरीवर थांबली. "तू? शाळा शिकवतंस ती तू?"

"हो."

"मगे आमकां शाणपण शिकवतंस तां कित्याक?"

सगळी ओसरी हसली, सासूबाई सर्वांत मोठ्याने. तेवढ्यात मागून एक म्हातारी बारीक आवाजात म्हणाली, "मियां मुठेल चोळलंय." कोकमाच्या बियांच्या तेलाचे हे मुठेल आमच्याकडे फुटलेल्या ओठांपासून भाजलेल्या बोटापर्यंत सगळ्याला चालते. मग तिसरीने चुन्याचे पाणी कबूल केले. शेवंताने नातवाचा दंड पदराखाली घेतला, त्यावरून तिनेही काहीतरी लावलेले असणार हे सर्वांना कळले.

"आता कोणी काय काय लायलां तां एकदाच सांगून टाका," दाजी म्हणाले, "म्हणजे माका पुन्हा पुन्हा होडी वल्हवूक नको."

त्या दिवशी छत्रीच्या पलीकडे आधी मी बसले. लीना पीत होती, तिच्या मुठीत माझा अंगठा होता आणि माझे सगळे अंग आखडले होते. छत्रीच्या कडेवरून आवाज आला, "बाई, तुमी दम धरून बसलास तर तां बाळय धरता. सोडा." मी श्वास सोडला. लीना एकदा कळवळून रडली. मी तिला गप्प करायची घाई करू लागले तेव्हा दाजी म्हणाले, "रडांदे. रडणां वायट नाय. एकटां रडणां वायट." पुढे आजी होईपर्यंत मी मुलांविषयी पुष्कळ पुस्तके वाचली. याहून उपयोगी वाक्य मला त्यांत सापडले नाही.

शेवंताच्या नातवासकट कोणीही बिनटोचलेले राहिले नाही. पुढच्या आठव्या दिवशी लीनाला ताप आला, दंडावर टपोरा फोड उठला, आणि दाजी खाडी ओलांडून तो पाहायला आले. खाडीपलीकडे आणखी काही जण आजारी पडले. देवबागेत आमच्या मुलांपैकी कोणाला देवी आल्या नाहीत.

दुसऱ्यांदा लस का खर्ची पडली, याचा वरच्या साहेबांनी दाजींकडे खुलासा मागितला. त्यांनी त्यात एकाही आईचे नाव लिहिले नाही, ठपका घेतला. मला कळल्यावर मी त्या साहेबांना कॉन्व्हेंटच्या वळणदार अक्षरात तीन पानी इंग्रजी पत्र पाठवले. त्याचेही उत्तर आले नाही. मी अजून रागावलेली आहे. दाजी रागावले नाहीत. साठच्या दशकात डांग्या खोकला आणि घटसर्पाची इंजेक्शने आली तेव्हाही ते त्याच निवांतपणे ओसरीवर बसत, आणि ज्या आया त्यांना पाहून पूर्वी मागल्या दाराने माडात पळत, त्या आता मूल घेऊन पुढे येत.

गेल्या महिन्यात मी त्यांना भेटायला गेले. हा प्रसंग लिहिणार आहे असे सांगितले. "कित्याक, बाई?" ते म्हणाले. "त्या दिवशी लस खरीच शिळी होती." इतक्या वर्षांनंतर, माझ्याच तोंडावर, आणि चेहऱ्यावरची रेघ न हलवता.

म्हणून ही गोष्ट छापील स्वरूपात नोंदवून ठेवते. लस चांगली होती. टोचणारा हात चांगला होता. चूक माझी होती. दाजींची नजर, हात आणि चेष्टा करण्याची सवय अशीच शाबूत राहो, गुडघे त्यांना त्रास न देवोत, आणि ही साधी गोष्ट ते माझ्यासमोर एकदा तरी कबूल करीपर्यंत परमेश्वर त्यांना आयुष्य देवो. त्यांचा स्वभाव पाहता, शंभरी सहज पार होईल.